धूर त्यांच्या वहीत, तेल आपल्या कढईत

२०१९ या एकाच वर्षाचे दोन देशांचे हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार त्या वर्षी आपल्या देशातून कार्बन डायऑक्साइडच्या तुल्यमानाने सुमारे ३१३ कोटी टन हरितगृह वायू हवेत गेले. त्यात शेतीचा वाटा १३ टक्क्यांच्या जरा वर, म्हणजे ४२ कोटी टनांच्या आसपास. उलट आपली जंगले, झाडे आणि जमीन यांनी मिळून ४८ कोटी टनांहून थोडा अधिक वायू शोषून घेतला. त्याच वर्षी इंडोनेशियाने आपला आकडा दिला तो सुमारे १८४ कोटी टनांचा. त्यातला निम्मा वाटा जंगलतोड, जमिनीचा बदललेला वापर आणि दलदली जमिनींना लागलेल्या आगी यांचा होता. प्रत्यक्ष शेतीचा वाटा सहा टक्क्यांच्या आत. लोकसंख्या आपली १३५ कोटींच्या वर, त्यांची २७ कोटी. शोषलेला वायू वजा करून माणशी भाग लावला तर आपण दोन टनांच्या आत राहतो आणि ते पावणेसात टनांपर्यंत जातात.

हे आकडे वाचून आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाला समाधान वाटते. आपली जमीन वायू शोषते, त्यांची ओकते. आपण निसर्गपूजक, ते निसर्गभक्षक. परिषदांतल्या भाषणांत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि दिवाणखान्यांतल्या गप्पांत हेच समाधान नाना रूपांनी ऐकू येते. या समाधानाचा आपल्याला अधिकार नाही, हे मला स्पष्ट सांगायचे आहे.

आकडे खोटे नाहीत. पण ते लिहिण्याचा नियम नीट समजून घ्यायला हवा. ज्या देशाच्या भूमीवरून धूर निघाला, त्या देशाच्या नावावर तो टाकायचा, असा हा जागतिक नियम आहे. तो धूर कोणाच्या गरजेसाठी निघाला, त्यातून तयार झालेला माल कोणी खाल्ला, हे या वहीत विचारलेच जात नाही. आणि हाच प्रश्न विचारला की आपल्या वहीची कोरी पाने फार काळ कोरी राहत नाहीत.

जगात सर्वांत जास्त खाद्यतेल आयात करणारा देश भारत आहे. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदारही भारतच. आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो; गेल्या काही वर्षांत ही आयात दरवर्षी दीड कोटी टनांच्या आसपास राहिली आहे आणि त्यात बहुतेक वर्षी सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो. जगातले ऐंशी टक्क्यांहून अधिक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते. म्हणजे इंडोनेशियाच्या वहीत जो धूर नोंदला जातो, त्यातला काही भाग ज्या तेलासाठी निघाला, ते तेल आपल्या बंदरांत उतरले, आपल्या रिफायनरीत शुद्ध झाले आणि पंधरा किलोच्या डब्यांतून गल्लोगल्ली पोचले.

फरसाणाचे किंवा बिस्किटांचे पाकीट घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचा. ‘पाम तेल’ किंवा ‘रिफाइंड पामोलीन’ हे शब्द बहुतेक वेळा सापडतील. वेफर्स, खारी, टोस्ट, आइस्क्रीमच्या नावाने विकले जाणारे गोठवलेले पदार्थ, हॉटेलातली तळणाची कढई, मिठाईतले वनस्पती तूप, अंगाचा साबण या सगळ्यांत ते आहे. ज्याने आयुष्यात पामतेलाची पिशवी विकत घेतली नाही, असा मध्यमवर्गीय माणूसही ते रोज खातो. ते स्वस्त आहे, गोठून टिकते, त्याला स्वतःचा वास नाही. म्हणून ते कुठेही लपते.

आता ते जिथून येते तिकडे पाहू. सुमात्रा, बोर्निओ बेटावरचा कालिमंतान आणि पापुआ या भागांत पीट नावाची जमीन आहे. हजारो वर्षे पाण्यात पडून राहिलेली पाने, मुळे, खोडे पूर्ण न कुजता थरावर थर साचत गेली आणि काही ठिकाणी हे थर दहा मीटरांहून खोल झाले. पाणी आहे तोवर त्यातला कार्बन जागच्या जागी राहतो. पामतेल देणाऱ्या तेलताडाच्या मुळांना मात्र साचलेले पाणी चालत नाही. म्हणून कालवे खणून पाणी काढून टाकतात. पाणी उतरले की हवा आत शिरते, शतकानुशतके टिकलेला पालापाचोळा कुजू लागतो, जमीन दरवर्षी खाली बसत जाते आणि वायू निघत राहतो. आग लागली नाही तरी अशा कोरड्या पाडलेल्या एका हेक्टरातून वर्षाला सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड निघतो, असे हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या मार्गदर्शिकेतले गृहीतक आहे. साधारण वीस भारतीयांचे वर्षभराचे उत्सर्जन एका हेक्टरातून! आणि आग लागली तर ती जमिनीच्या पोटात शिरते. वरून पाणी मारून ती विझत नाही. पाऊस येईपर्यंत आठवडेच्या आठवडे धुमसत राहते.

हे आपोआप घडलेले नाही. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीत मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टर पीटजमीन भातशेतीखाली आणण्याचा हुकूम निघाला. चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. त्या आम्ल जमिनीत भात आला नाही. जंगल गेले, पाणी गेले आणि १९९७ च्या एल निनोच्या कोरड्या वर्षी त्या प्रदेशाचा मोठा भाग पेटला. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून निघालेला कार्बन हा साऱ्या जगाच्या कोळसा, तेल आणि वायूच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के होता, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०१५ मध्ये पुन्हा सुमारे २६ लाख हेक्टर जळाले. जागतिक बँकेने नुकसान १६०० कोटी डॉलर धरले. मध्य कालिमंतानातल्या पालंकाराया शहरात प्रदूषणाचा निर्देशांक दोन हजारांच्या वर गेला, जिथे तीनशेच्या पुढची हवा घातक मानली जाते. तिथल्या नागरिकांनी आपल्या राष्ट्राध्यक्षांवर आणि सरकारवर दावा लावला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे पुनर्विलोकनात तो फिरवला गेला. पण ज्यांच्या फुप्फुसांत धूर गेला ते उठून उभे राहिले आणि त्यांनी जबाब मागितला. त्या तेलाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडे, आपल्या समाजाकडे, असा जबाब कोणी मागितलेला नाही. आपणही स्वतःकडे मागितला नाही.

आणि आपला समाज अन्नाच्या बाबतीत बेफिकीर आहे असेही नाही. तो अतिशय चोखंदळ आहे! अन्न कोणाच्या हातचे, कोणत्या जातीच्या चुलीवरचे, कोणत्या दिवशी काय चालते आणि काय चालत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण खावा की नाही, यावर या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बुद्धी खर्च केली. आजही ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी पाहून माणसे निश्चिंत मनाने आत जातात, आणि मांसाहारी कुटुंबाला घर भाड्याने नाकारणाऱ्या सोसायट्या आपल्या शहरांत आहेत. पण ज्या तेलात हे शुद्ध अन्न तळले, त्यासाठी कोणते रान पेटले, हा प्रश्न त्या शुद्धतेच्या कोणत्याच व्याख्येत नाही. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओ बेटावरचे एक लाखाहून अधिक ओरांगउटान जंगलतोड आणि शिकार यांमुळे नाहीसे झाले, असे संशोधकांनी मोजले आहे. जीवहत्येला पाप मानणाऱ्या समाजाला हे पाप का दिसू नये? कारण आपली शुद्धता आपल्या ताटाच्या कडेपाशी संपते. दुसऱ्या माणसाचा स्पर्श टाळण्यासाठी रचलेली ही शुद्धता आहे, दुसऱ्याचे नुकसान टाळण्यासाठी नव्हे. जी नीती माणसाला माणसापासून दूर ठेवते आणि जळत्या जंगलाशी असलेले नाते मात्र झाकून ठेवते, तिला धर्म म्हणणे थांबवले पाहिजे.

हा आपला पहिला दोष. दुसरा दोष याहून सभ्य दिसतो, म्हणून अधिक घातक आहे. १९९१ मध्ये पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी जगापुढे एक न्याय्य मुद्दा मांडला: गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीतला धूर यांना एकाच मापाने मोजू नका, एक जगण्यासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. हा मुद्दा खराच आहे. या देशातली ८६ टक्के शेतखाती दोन हेक्टरांहून लहान आहेत. दीड एकर भात आणि एक म्हैस यांवर जगणाऱ्याला जगाच्या तापमानाचा गुन्हेगार ठरवणे हा अन्याय आहे. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत मिथेन तीस टक्क्यांनी घटवण्याच्या जागतिक प्रतिज्ञेवर भारताने सही केली नाही, त्यामागे हेच कारण दिले गेले. जंगलतोड थांबवण्याच्या जाहीरनाम्यावरही आपली सही नाही. इंडोनेशियाने दोन्हींवर सही केली, जरी जाहीरनाम्याच्या अर्थावरून त्यांच्या पर्यावरणमंत्र्यांनी लगेचच कुरकूर केली.

पण गरिबाच्या नावाने मिळवलेली ही सवलत भोगतो कोण? १९५० च्या दशकात या देशात माणशी वर्षाला तीन किलोच्या आसपास खाद्यतेल लागत असे. आज ते वीस किलोंच्या घरात गेले आहे. ही सरासरी आहे. मेळघाटातल्या पाड्यावरची बाई महिन्याला किती तेल वापरते आणि शहरातल्या चौकोनी कुटुंबात, बाहेरचे खाणे धरून, किती तेल जिरते, यांची तुलना प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावी. जगण्यापुरते उत्सर्जन तिचे आहे. तिच्या पदराआड उभे राहून आपण आपल्या तळणाचा हिशेब चुकवतो. हा समाजातल्या वरच्या थरांचा जुनाच धंदा आहे: दुःख गरिबाचे दाखवायचे आणि सूट आपण घ्यायची.

तिसरा दोष राज्यकर्त्यांचा, आणि तो त्यांना करू देणाऱ्या आपला. खाद्यतेलाची ही परावलंबी अवस्था दैवाने आलेली नाही. १९८६ मध्ये तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ पासून आयातीची दारे उघडत गेली आणि जे मिळवले होते ते काही वर्षांत हातचे गेले. शहरी ग्राहकाला तेल महाग वाटले की सरकार घाबरते आणि आयातशुल्क कमी करते. त्याचा मार लातूरच्या, वाशीमच्या, अमरावतीच्या शेतकऱ्याला बसतो.

हंगामाच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कोणत्याही मोंढ्यात जाऊन उभे राहावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सोयाबीन उतरते. व्यापारी मूठभर दाणे यंत्रात टाकतो, ओलावा मोजतो, मान हलवतो आणि भाव सांगतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. त्या नोव्हेंबरातल्या विधानसभा निवडणुकीत सोयाबीनचा भाव हा प्रचाराचा विषय झाला. त्याआधी सप्टेंबरात केंद्राने तेलावरचे आयातशुल्क वाढवले होते. निवडणूक होऊन गेली आणि मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क वीस टक्क्यांवरून दहावर आणले गेले. ज्या राज्यात पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास सोयाबीन पेरले जाते, त्या महाराष्ट्राने २०२२ च्या दिवाळीत गरिबांना शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा होता, साखर होती, हरभऱ्याची डाळ होती आणि एक लिटर पामतेल होते. गरिबाने ते घेतले यात त्याचा काडीमात्र दोष नाही. दोष त्या समाजाचा, ज्याच्या दारात सोयाबीन पडून आहे, ज्याच्या सोलापुरातली, मराठवाड्यातली करडईची रब्बी शेते डोळ्यांदेखत आटली आहेत, आणि ज्याला आपल्या गरिबाच्या सणासाठी स्वतःच्या मातीतले लिटरभर तेल देता येत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. तेलताडाचे एक हेक्टर तीन ते चार टन तेल देते. सोयाबीनचे अर्धा टनही मुश्किलीने. पामतेल सोडून सारे जग सोयाबीनकडे वळले तर आणखी कितीतरी जमीन लागेल आणि ब्राझीलची जंगले त्यात जातील. शिवाय इंडोनेशियातल्या तेलताडाच्या बागांपैकी सुमारे चाळीस टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांचे आहे. त्यांनाही पोट आहे. हे सगळे खरे आहे. म्हणूनच मी त्या झाडाला दोष देत नाही. प्रश्न ते झाड कोणत्या जमिनीवर उभे आहे हा आहे, आणि आपण ते विचारतो का हा आहे. २०११ मध्ये इंडोनेशियाने जुनी जंगले आणि पीट यांवरचे नवे परवाने रोखले आणि २०१९ मध्ये ती बंदी कायम केली. पीट पुन्हा ओली करण्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र संस्था उभारली. २०१६ नंतर तिथल्या मूळ जंगलाची तोड बरीच घटली. पळवाटा राहिल्याच, पण सुधारणा झाली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगल तोडून पिकवलेला माल बाजारात येऊ न देण्याचा कायदा केला. अंमल पुढे ढकलला गेला, तरी निदान प्रश्न विचारला गेला. सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या भारताने मात्र आजवर एकच प्रश्न विचारला आहे: भाव काय?

आणि आता आपण तेच झाड आपल्याकडे आणत आहोत. २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान मंजूर झाले आणि त्यात विशेष भर देण्यात आला ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबार यांवर, म्हणजे या देशातल्या सर्वांत समृद्ध जंगलांच्या प्रदेशांवर. आपल्या वनसर्वेक्षणात एक हेक्टराहून मोठ्या, दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछाया असलेल्या कोणत्याही जमिनीची गणना वनाच्छादनात होते, मग ती कोणाच्याही मालकीची असो आणि झाड कोणतेही असो. त्यात फळबागा, बांबू आणि पामही येतात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जुने रान जाऊन तिथे एकाच जातीच्या झाडांची बाग उभी राहिली, तरी ते क्षेत्र वनाच्छादनात टिकू शकते. ज्या आकड्याच्या जोरावर आपण इंडोनेशियाकडे बोट दाखवतो, तो आकडा असा तयार होतो.

आपल्या शेतीच्या त्या ४२ कोटी टनांकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या पोटातल्या मिथेनचा आहे. २०१९ च्या गणनेत गायी-म्हशी मिळून तीस कोटींच्या वर होत्या. गायीला माता म्हणायचे, तिला चारा-पाणी किती मिळते याची चौकशी करायची नाही, आणि दूध आटले की ती रस्त्यावर. त्याच गणनेत पन्नास लाखांच्या वर मोकाट गुरे सापडली. कमी जनावरे, चांगला चारा आणि चांगली निगा यांतून शेतकऱ्याचे दूध वाढेल आणि वायूही घटेल, पण हे बोलायला आपल्या समाजात धैर्य लागते. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळते, म्हणून ती गरजेहून जास्त पडते. पिकाला न लागलेल्या नत्रातून जो नायट्रस ऑक्साइड निघतो तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक तापवणारा आहे. भातखाचर सतत भरून न ठेवता पाणी आलटून पालटून दिले तर मिथेन बराच घटतो आणि पाणीही वाचते. या गोष्टी शेतकऱ्याला शिकवायला आपल्या कृषी विद्यापीठांना आणि कृषी खात्याला कोणी अडवले आहे? तो अपराधी नाही. त्याला ज्ञानापासून वंचित ठेवणारे अपराधी आहेत.

काय करायला हवे ते अवघड नाही, फक्त गैरसोयीचे आहे. सरकारने आयात होणाऱ्या प्रत्येक टन पामतेलाचा उगम विचारावा आणि पीट किंवा नुकतेच तोडलेले जंगल यांवरचे तेल बंदरात उतरू देऊ नये. आपल्या राष्ट्रीय अहवालात, नियम मागत नसला तरी, आयात केलेल्या अन्नामागचे उत्सर्जन वेगळ्या रकान्यात प्रसिद्ध करावे. २०२४ मध्ये तेलबियांसाठी दहा हजार कोटींहून अधिक रुपयांचे नवे अभियान जाहीर झाले आहे. त्यातला पैसा करडई, भुईमूग, तीळ, जवस यांच्या हमखास खरेदीत उतरला तरच त्याला अर्थ आहे. राज्याने रेशनवर आणि शालेय पोषण आहारात आपल्याच शेतातले तेल द्यावे. ईशान्येतल्या आणि अंदमानातल्या जंगलांकडे तेलताड नेऊ नये.

आणि ज्यांना परवडते त्या आपण सर्वांनी तेल कमी खावे. पाकिटामागचे वाचावे, हॉटेलवाल्याला विचारावे, घाण्यावर जाऊन दोन पैसे जास्त मोजून इथले तेल घ्यावे. सणाचे मोठेपण तळणाच्या डब्यांवरून मोजणे सोडावे. मुलांना शाळेत हवामानबदलाचे धडे देताना आपल्या डब्यातल्या तेलाचा पत्ताही शिकवावा.

कमी उत्सर्जन करणारा देश म्हणून मिरवायचे असेल तर ते कमीपण आपल्या संयमातून आलेले असावे. आज त्यातले काही आपल्या गरिबांच्या रिकाम्या डब्यांतून आले आहे आणि काही दुसऱ्याच्या जळत्या जमिनीवर ढकलले आहे. या दोन्हींचा अभिमान धरणे ही अनीती आहे. ज्या समाजाने स्पृश्यास्पृश्यतेचा हिशेब शतकानुशतके बारकाईने ठेवला, त्याला आपल्या भोगाचा हिशेब ठेवता येत नाही असे नाही. त्याने तो ठेवायला आजवर नकार दिला आहे. तो आता उघडा, दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेले आपल्या खात्यावर घ्या, आणि मग जगापुढे उभे राहून न्याय मागा. तसा न्याय मागणाऱ्या भारताचे म्हणणे जगाला टाळता येणार नाही.